कमी पाणी मागणारे पीठ : पेस्ट्री फ्लोअर आणि घरचे बेकिंग

टार्ट, पाय, कुकीज, शॉर्टब्रेड अशा पाश्चात्त्य पद्धतीच्या खुसखुशीत पदार्थांच्या पाककृतींत पुष्कळदा साध्या मैद्याऐवजी ‘पेस्ट्री फ्लोअर’ या वेगळ्या पिठाची मागणी केलेली असते. मऊ जातीच्या गव्हापासून दळलेले, साधारणपणे ८ ते ९.५ टक्के प्रथिने असलेले, पांढरे आणि अतिशय बारीक पीठ, अशी त्याची थोडक्यात व्याख्या करता येते. येथे पेस्ट्री म्हणजे केकच्या दुकानांत मिळणारा क्रीम लावलेला तुकडा नव्हे, तर पीठ, स्निग्ध पदार्थ आणि थोडे पाणी यांपासून केलेले व भाजल्यावर चुरचुरीत होणारे कवच होय.

या पिठाचा परिचय करून देताना बहुधा केवळ कमी प्रथिनांचा उल्लेख होतो. तो खरा असला, तरी अपुरा आहे. ज्या गव्हापासून हे पीठ येते त्याचा दाणा मऊ असणे, दळताना त्यातील पिष्टकण, म्हणजे स्टार्चचे कण, शाबूत राहणे आणि पीठ बारीक पडणे या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. आणि या सर्वांचा मिळून परिणाम असा होतो की, हे पीठ मळताना कमी पाणी शोषते. थोड्या पाण्यात काम भागल्यामुळे चिवटपणा कमी येतो, ओव्हनमध्ये ते पाणी लवकर निघून जाते आणि पदार्थ खुसखुशीत राहतो. पिठाकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे आपल्याकडे सहज मिळणाऱ्या मैद्यातून तोच परिणाम कितपत साधेल आणि कोठे साधणार नाही, हेही उलगडत जाते.

ग्लुटेन कसे तयार होते

गव्हाच्या पिठातून चिकट, ताणला जाणारा पदार्थ वेगळा काढून त्याचे वर्णन करण्याचे श्रेय इटलीतील बोलोन्या येथील याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी या विद्वानाला दिले जाते. त्याने १७२८ मध्ये हा प्रयोग तेथील विद्वत्सभेपुढे मांडला आणि १७४५ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पिठाचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळत राहिल्यास पांढरा पिष्टमय भाग धुऊन जातो आणि हातात रबरासारखा करडा गोळा उरतो, तेच ग्लुटेन. पुढे अमेरिकेतील कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्रात काम करणाऱ्या टॉमस ओसबोर्न यांनी १९०७ च्या आपल्या ग्रंथात गव्हातील प्रथिनांची विद्राव्यतेनुसार, म्हणजे ती कशात विरघळतात यावरून, वर्गवारी केली. तिच्यातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन हे दोन वर्ग बेकिंगच्या दृष्टीने कळीचे आहेत.

कोरड्या पिठात ग्लुटेन तयार स्वरूपात नसते. पाणी मिळाल्यावर ही दोन्ही प्रथिने फुगतात, एकमेकांना बिलगतात आणि मळण्याच्या क्रियेने त्यांचे जाळे बनते. ग्लुटेनिनमुळे त्या जाळ्याला ताण सोसून पुन्हा आकसण्याचे बळ मिळते, तर ग्लायडिनमुळे ते न तुटता पसरू शकते. पावाला असे जाळे हवेच असते, कारण यीस्टने सोडलेला वायू त्याच्यामुळेच कोंडला जातो. टार्टच्या कवचात मात्र तेच जाळे पदार्थाला चामट करते, लाटताना पारी मागे खेचते आणि भाजताना कवच कडेने आकसते. म्हणून पावाच्या पिठात १२ ते १४ टक्के, सर्वसाधारण वापराच्या पिठात १० ते १२ टक्के, पेस्ट्री फ्लोअरमध्ये ८ ते ९.५ टक्के आणि केक फ्लोअरमध्ये सुमारे ७ ते ९ टक्के प्रथिने असावीत, असा संकेत रूढ झाला आहे. हे आकडे देशोदेशी आणि गिरणीगणिक थोडेफार बदलतात.

दाण्याचा मऊपणा

प्रथिनांचे प्रमाण आणि दाण्याचा टणकपणा या दोन स्वतंत्र बाबी आहेत. प्रथिनांचे प्रमाण मुख्यतः जमीन, नत्रयुक्त खत आणि हवामान यांवर अवलंबून असते; टणकपणा मात्र प्रामुख्याने आनुवंशिक असतो. गव्हाच्या ५डी या गुणसूत्रावर प्युरोइंडोलाइन नावाच्या दोन प्रथिनांची जनुके असतात. ही दोन्ही जनुके मूळ रूपात शाबूत असतील, तर दाण्यातील पिष्टकण आणि त्यांच्याभोवतीची प्रथिने एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत व दाणा मऊ राहतो. त्यांपैकी एखाद्यात बदल झालेला असला किंवा ते नाहीसेच झाले असले, तर दाणा टणक होतो. बन्सी गहू ज्या ड्युरम वर्गात मोडतो, त्या वर्गात ‘डी’ गुणसूत्रांचा संचच नसतो, आणि म्हणूनच ड्युरमचा दाणा सर्वांत टणक असतो व त्याचा रवा उत्तम पडतो.

दळण्याच्या क्रियेत या फरकाचे मोठे परिणाम होतात. मऊ दाणा थोड्या दाबाने फुटतो आणि त्याचे पिष्टकण सुटे, अखंड बाहेर पडतात. टणक दाणा फोडायला अधिक जोर लागतो आणि त्या जोराने पिष्टकणही चिरडले जातात. अखंड पिष्टकण थंड पाण्यात आपल्या वजनाच्या निम्म्याहून कमी पाणी धरतात, फुटलेले पिष्टकण त्याच्या कितीतरी पट पाणी पितात, ग्लुटेन आपल्या वजनाच्या दुपटीहून अधिक, आणि कोंड्यालगतच्या थरांतून आलेले पेन्टोसन नावाचे तंतुमय घटक तर सुमारे दहा पट पाणी सामावून घेतात. तेव्हा दोन पिठांत प्रथिने सारखीच असली, तरी टणक गव्हाचे पीठ अधिक पाणी मागते.

हे नेमके मोजण्यासाठी १९८० च्या दशकात अमेरिकेतील नॅबिस्को कंपनीत लुईझ स्लेड आणि हॅरी लेव्हिन यांनी एक चाचणी विकसित केली. तिच्यात पिठाचे चार नमुने अनुक्रमे साधे पाणी, साखरेचे द्रावण, सोडियम कार्बोनेटचे द्रावण आणि लॅक्टिक आम्लाचे द्रावण यांत भिजवतात व प्रत्येकात पीठ किती द्रव धरून ठेवते ते पाहतात. साखरेच्या द्रावणावरून पेन्टोसनांचा, सोडियम कार्बोनेटवरून फुटलेल्या पिष्टकणांचा, लॅक्टिक आम्लावरून ग्लुटेनिनच्या बळाचा आणि पाण्यावरून एकूण शोषणाचा अंदाज येतो. कुकीजसाठी घेतलेल्या पिठाने साध्या पाण्यातही आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपासच द्रव धरावा, अशी अपेक्षा असते. कुकी ओव्हनमध्ये किती पसरते हीदेखील या क्षेत्रातील मान्य कसोटी आहे, कारण पाणी पिठाने अडवून ठेवले नाही, तर ते साखर विरघळवण्यास मोकळे राहते आणि तो पाक पातळ राहून कुकी पसरते.

अमेरिकेत मऊ लाल गहू ओहायो, इंडियाना, इलिनॉय या राज्यांच्या पट्ट्यात, तर मऊ पांढरा गहू मिशिगन आणि वायव्येकडील वॉशिंग्टन, ओरेगन या भागांत पिकतो. ओहायोतील वूस्टर येथे मऊ गव्हाच्या गुणवत्तेसाठी १९३६ पासून शासनाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे १८८३ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइट लिली’ या छापाच्या मऊ पिठाला दक्षिणेकडील राज्यांत जो मान आहे, त्याचे कारणही तेथील आवडत्या पदार्थात सापडते. तेथे ‘बिस्किट’ म्हणजे यीस्टविना फुगवलेला मऊ गोल पाव, आणि त्याला हलके पीठच लागते.

पाकिटावरील आकड्यांचा अर्थ

परदेशी पिठांची नावे वाचताना पुष्कळ घोटाळा होतो, कारण सर्वत्र एकच मोजमाप वापरले जात नाही. फ्रान्समधील टी-४५, टी-५५ किंवा जर्मनीतील ४०५, ५५० हे आकडे प्रथिनांचे नसून राखेचे आहेत. पीठ पूर्ण जाळल्यावर जी खनिजे उरतात त्यांना येथे राख म्हणतात. खनिजे कोंड्याकडे अधिक असल्यामुळे राख जितकी कमी, तितके पीठ दाण्याच्या मधल्या पांढऱ्या गरातले आणि शुभ्र. जर्मन ४०५ या पिठाच्या १०० ग्रॅम कोरड्या भागात सुमारे ४०५ मिलिग्रॅम राख असते. इटलीचे ‘डबल झीरो’ पीठ म्हणजे पेस्ट्री फ्लोअरच, असा एक समज आहे, पण तेथील नियम राखेची कमाल मर्यादा ०.५५ टक्के आणि प्रथिनांची किमान मर्यादा ९ टक्के एवढेच सांगतात. त्यामुळे पिझ्झासाठी विकले जाणारे बळकट पीठही डबल झीरोच असू शकते.

प्रथिनांचा आकडाही तपासूनच घ्यावा लागतो. अमेरिकेतील गिरण्या तो पिठात १४ टक्के ओलावा आहे असे धरून देतात, तर युरोपात पुष्कळदा तो पूर्ण कोरड्या वजनावर काढला जातो. कोरड्या वजनावर ९ टक्के असलेली प्रथिने १४ टक्के ओलाव्याच्या हिशेबात सुमारे ७.७ टक्केच भरतात. सेल्फ रेझिंग फ्लोअर हे तर वेगळेच प्रकरण आहे, कारण त्या पिठात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते आणि टार्टच्या कवचात तिची गरज नसते.

मैदा आणि भारतीय गहू

भारतात मैदा रोलर फ्लोअर मिलमध्ये तयार होतो. गहू ओलवून पोलादी रुळांच्या जोड्यांमधून अनेकदा फिरवला जातो, प्रत्येक फेरीनंतर चाळून कोंडा, रवा आणि बारीक पीठ वेगळे केले जाते. या बाबतीत मैदा आणि पेस्ट्री फ्लोअर यांत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते कच्च्या मालात. महाराष्ट्रात घरोघरी परिचित असलेला लोकवन, म्हणजे गुजरातेतील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत विकसित झालेला लोक-१, किंवा मध्य प्रदेशातून येणारा सिहोर, हे पोळीसाठी नावाजलेले गहू आहेत, आणि चांगल्या पोळीसाठी दाणा टणक व पीठ पाणी धरणारे असावे लागते. भारतीय गव्हांची निवड पिढ्यान्‌पिढ्या याच कसोटीवर होत आली. त्यात रब्बी हंगामाच्या शेवटी फेब्रुवारी-मार्चमध्ये वाढणाऱ्या उन्हामुळे दाणा भरण्याचा काळ आखडतो, पिष्ट कमी साठते आणि त्या मानाने प्रथिनांचा टक्का वर राहतो.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकानुसार मैद्यातील ग्लुटेन कोरड्या वजनावर किमान ७.५ टक्के आणि राख कमाल १ टक्का असावी लागते. ग्लुटेनची ही मर्यादा किमान आहे, कमाल नाही. म्हणजे मैदा अगदीच दुबळा नाही याची हमी मिळते, तो मऊ असल्याची मात्र नाही. बाजारातील मैद्याच्या पाकिटांवर प्रथिने साधारणपणे १० ते ११ टक्क्यांच्या घरात दिलेली आढळतात.

बिस्किटांसाठी मऊ गहू निर्माण करण्याचे प्रयत्न देशात झालेच नाहीत असे नाही. ‘नॅप हाल’ नावाच्या जुन्या भारतीय वाणात ग्लुटेनिनचे एक महत्त्वाचे घटक-कुल मुळातच नसते, त्यामुळे त्याचे ग्लुटेन अतिशय दुबळे असते. पावासाठी निरुपयोगी ठरणारा हाच गुण कर्नालच्या गहू व बार्ली संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी बिस्किटयोग्य गव्हाच्या पैदाशीत कामी आणला आहे. असे धान्य वेगळे पिकवून, वेगळे साठवून, वेगळे दळले गेल्याशिवाय मात्र त्याचे पीठ किरकोळ दुकानापर्यंत पोहोचत नाही.

मोहन, साटा आणि नानकटाई

पिठाला पाण्यापासून राखण्याची विद्या मराठी स्वयंपाकघराला नवी नाही. करंजी, शंकरपाळी, चिरोटे करताना पिठात कडकडीत तुपाचे किंवा तेलाचे मोहन घालतात, ते पिठाला दोन्ही हातांनी चोळून लावतात आणि मूठ वळते की नाही ते पाहतात. या चोळण्याने स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण पिठाच्या कणांवर बसते, पुढे घातलेले पाणी किंवा दूध प्रथिनांपर्यंत कमी पोहोचते आणि ग्लुटेनचे धागे लांब होण्याआधीच तुटक राहतात. पाश्चात्त्य पद्धतीत थंड बटर बोटांच्या टोकांनी पिठात चोळून रव्यासारखे दाणे करतात, त्यामागचे तत्त्वही हेच आहे.

चिरोट्यांच्या पोळ्यांमध्ये लावला जाणारा साटा याहून एक पाऊल पुढे जातो. तूप फेसून त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर मिसळतात. दोन्ही पदार्थांत ग्लुटेन नसते, त्यामुळे दोन पोळ्यांच्या मध्ये एक न चिकटणारा थर राहतो आणि तळताना पदर सुटतात. पिठाचे बळ कमी करण्यासाठी ग्लुटेनविरहित पीठ वापरण्याची कल्पना अशी आपल्या परंपरेत आधीपासून आहे. पेस्ट्री फ्लोअरचा घरगुती पर्याय तिच्यावरच उभा आहे.

नानकटाईचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. तिच्यात मैदा, तूप आणि पिठीसाखर असते, चवीपुरते बेसन किंवा रवा असतो, पण पाण्याचा थेंबही घातला जात नाही. तुपात ९९ टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असल्यामुळे त्यातूनही पाणी मिळत नाही. परिणामी मैद्यात प्रथिने ९ टक्के असोत की ११, त्यांचे जाळे बनण्याची संधीच येत नाही आणि साध्या मैद्याची नानकटाई तोंडात विरघळते. यावरून असा निष्कर्ष निघतो की, ज्या पदार्थात पाणी नाही किंवा नाममात्र आहे, त्यासाठी पेस्ट्री फ्लोअर शोधण्याची गरज नाही. ज्या पदार्थात पीठ पाण्याने किंवा दुधाने बांधावे लागते, उदाहरणार्थ पायचे कवच किंवा मऊ मफिन, तेथे मात्र पिठाच्या निवडीने स्पष्ट फरक पडतो.

घरगुती पर्यायाचे गणित

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे मैद्यात कॉर्नफ्लोअर मिसळणे. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून विकले जाते ते मक्याचे शुद्ध पांढरे पिष्ट. पिवळ्या मक्याचे भाकरीचे पीठ येथे चालत नाही. या पिष्टात प्रथिने जवळजवळ नसतातच, त्यामुळे हिशेब सरळ होतो. मैद्यात १०.५ टक्के प्रथिने असतील, तर ८५ ग्रॅम मैद्यात सुमारे ८.९ ग्रॅम प्रथिने येतात. त्यात १५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर मिसळून १०० ग्रॅम केल्यास मिश्रण ९ टक्क्यांच्या जवळ येते. मैदा १० टक्क्यांचा असल्यास ९० ग्रॅमला १० ग्रॅम कॉर्नफ्लोअर पुरते. कपाने मोजणाऱ्यांसाठी, एक कप म्हणजे सुमारे १२५ ग्रॅम मैद्यातून दोन मोठे चमचे काढून तितकेच कॉर्नफ्लोअर घालणे, हे प्रमाण जवळपास तेथेच पोहोचवते. दोन्ही पिठे एकत्र करून निदान दोनदा चाळावीत, नाहीतर पिष्टाचे पुंजके राहतात.

या पर्यायाला मर्यादा आहेत. कॉर्नफ्लोअरमुळे प्रथिने विरळ होतात, पण मैद्यातील आधीच चिरडले गेलेले पिष्टकण पुन्हा अखंड होत नाहीत. मैदा ११.५ टक्के प्रथिनांचा असेल, तर ९ टक्क्यांवर येण्यासाठी पाचव्या हिश्श्याहून अधिक कॉर्नफ्लोअर लागते, आणि एवढ्या पिष्टाने कवच भुसभुशीत होऊन उचलताना तुटते, जिभेवर खडूसारखी कोरड जाणवते. अशा वेळी दुसऱ्या छापाचा, कमी प्रथिनांचा मैदा शोधणे अधिक शहाणपणाचे ठरते. तांदळाच्या पिठीने कुरकुरीतपणा वाढतो; स्कॉटलंडमध्ये शॉर्टब्रेडमध्ये ती वापरण्याची पद्धत जुनी आहे. मात्र तिचे कण जाडसर असतील, तर पोत रवाळ होतो.

मैदा किती बळकट आहे हे पाकिटावर समजले नाही, तर बेक्कारीचा प्रयोग घरीही करता येतो. ५० ग्रॅम मैदा सुमारे ३० मिलिलिटर पाण्यात घट्ट मळून गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावा. नंतर बारीक चाळणीवर, नळाच्या बारीक धारेखाली तो हलक्या हाताने चोळत राहावे. आधी दुधासारखे पाणी निघते, हळूहळू ते नितळ होते आणि शेवटी च्युइंगमसारखा चिवट गोळा हातात राहतो. तो पिळून, टिपून वजन करावे. या ओल्या ग्लुटेनमध्ये साधारण दोन तृतीयांश पाणीच असते. वजन १० ते १२ ग्रॅमच्या दरम्यान भरले, तर मैदा पेस्ट्रीसाठी आहे तसाच वापरता येईल. १४-१५ ग्रॅम किंवा अधिक भरले, तर कॉर्नफ्लोअर मिसळणे इष्ट. याखेरीज एक झटपट परीक्षा म्हणजे पीठ मुठीत दाबून पाहणे : मऊ गव्हाच्या बारीक पिठाचा मुठीत गोळा टिकतो, टणक गव्हाचे पीठ मूठ उघडताच विस्कटते.

एका कवचाचा हिशेब

वरील तत्त्वे एका टार्टच्या कवचात कशी उतरतात ते पाहण्यासारखे आहे. १७० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ६० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, १०० ग्रॅम थंड बिनमिठाचे बटर आणि २५ ते ३० मिलिलिटर गार पाणी किंवा दूध, एवढ्या साहित्यात सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाचे कवच होते. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असते, म्हणजे १६ ग्रॅम पाणी त्यातूनच येते. एकूण २०० ग्रॅम पिठाला साधारण ४५ ग्रॅम, म्हणजे शेकडा २२ ते २३ एवढेच पाणी मिळते. पोळीच्या कणकेला शेकडा ६० हून अधिक पाणी लागते हे लक्षात घेतले, म्हणजे दोन्ही पिठांची प्रकृती किती भिन्न आहे ते ध्यानात येते.

पीठ, कॉर्नफ्लोअर, साखर आणि मीठ एकत्र चाळल्यावर बटरचे लहान तुकडे त्यात बोटांच्या टोकांनी चोळावेत. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या उष्ण व दमट हवेत बटर तळव्याच्या उबेने लगेच पाघळते, म्हणून भांडे, पीठ आणि बटर आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे हिताचे. गार पाणी एकदम न ओतता चमच्याचमच्याने शिंपडावे आणि मिश्रण दाबून एकत्र येऊ लागताच थांबावे. कणकेप्रमाणे तिंबण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळला पाहिजे, कारण जाळे पाण्याइतकेच हाताच्या श्रमानेही बळावते. गोळा चपटा करून झाकून फ्रिजमध्ये निदान ४५ मिनिटे ठेवल्यास पाणी सर्वत्र सारखे मुरते, जे थोडे ग्लुटेन तयार झाले असेल त्याचा ताण सैल होतो, बटर पुन्हा घट्ट होते आणि कवच लाटताना किंवा भाजताना आकसत नाही. लाटलेली पारी साच्यात बसवून, काट्याने टोचे मारून, वर बेकिंगचा कागद व त्यावर कोरडा राजमा पसरून १८० अंश सेल्सिअसला सुमारे १५ मिनिटे भाजावी आणि नंतर राजमा काढून सोनेरी होईपर्यंत आणखी १० ते १५ मिनिटे ठेवावी. राजम्याच्या वजनाने तळ फुगत नाही व कडा ढासळत नाहीत.

बटरऐवजी तूप वापरायचे झाल्यास १०० ग्रॅम बटरला ८० ग्रॅम घट्ट तूप पुरते, कारण बटरमध्ये स्निग्धांश सुमारे ८० टक्केच असतो. वजा झालेले पाणी मात्र पाहून, गरजेपुरतेच घालावे. घरी काढलेल्या लोण्यात ताकाचा अंश राहत असल्याने पाण्याचे प्रमाण अधिक व अनिश्चित असते. पावसाळ्यात पीठ हवेतील ओलावा ओढून घेते, तेव्हा पाककृतीतील पाणी आणखी थोडे आखडते घ्यावे लागते.

कोठे वापरू नये

नावात पेस्ट्री असली, तरी सर्वच पेस्ट्रींना हे पीठ मानवत नाही. पफ पेस्ट्री, खारी, पॅटीस आणि क्रोसां यांत पिठाची पोळी बटरच्या थरावर घडी घालून पुनःपुन्हा लाटावी लागते. त्या ओढाताणीत फाटू नये इतके बळ तिच्यात हवे असते, त्यामुळे तेथे साधा मैदा, किंबहुना क्रोसांसाठी त्याहून बळकट पीठ योग्य ठरते. कागदासारखी पातळ ताणली जाणारी फिलो आणि स्ट्रुडेलची पारी यांनाही बळकट पीठच लागते. दुसऱ्या टोकाला, साखरेचे वजन पिठाहून अधिक असलेल्या केकसाठी अमेरिकेत क्लोरीन वायूची प्रक्रिया केलेले केक फ्लोअर वापरतात. ही प्रक्रिया युरोपीय संघात निषिद्ध आहे आणि पेस्ट्री फ्लोअरवर ती सहसा केलेली नसते, त्यामुळे ही दोन पिठे नेहमीच अदलाबदलीने वापरता येत नाहीत.

चक्कीची कणीक वापरून गव्हाचे पौष्टिक टार्ट करण्याची इच्छा पुष्कळांना असते. परदेशात अख्ख्या मऊ गव्हाचे ‘होल व्हीट पेस्ट्री फ्लोअर’ मिळते, पण आपली कणीक म्हणजे ते नव्हे. दगडी जात्याच्या घर्षणाने टणक गव्हाचे पिष्टकण मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यात कोंड्याचे तंतू भरीला असतात, आणि ही दोन्ही कारणे पोळीला मऊ ठेवत असली, तरी कवचाला कडक करतात. कणीक वस्त्रगाळ करून घेणे, तिच्यात चतुर्थांश ज्वारीचे किंवा तांदळाचे बारीक पीठ मिसळणे, स्निग्ध पदार्थ थोडा वाढवणे आणि गोळा अधिक वेळ मुरू देणे, या उपायांनी ती बरीच सुसह्य होते. कमी प्रथिनांचे पीठ म्हणजे ग्लुटेनमुक्त पीठ, असा गैरसमज मात्र कोणीही करून घेऊ नये. सीलियाक विकार असलेल्या व्यक्तीसाठी पेस्ट्री फ्लोअरही मैद्याइतकेच वर्ज्य आहे.

या साऱ्या विवेचनावरून घरच्या बेकिंगसाठी एक क्रम ठरवता येतो. पदार्थात पाणी किती आहे हे आधी पाहावे. ते नसल्यासारखे असेल, तर साधा मैदा निःशंक वापरावा. पाणी असेल, तर पाकिटावरील प्रथिने वाचून कॉर्नफ्लोअरचे प्रमाण काढावे, सर्व साहित्य वजन करून घ्यावे आणि मळण्यात हात आखडता ठेवावा. आयात केलेले महागडे पीठ आणण्याची वेळ त्यानंतरही क्वचितच येते. भारतीय गिरण्यांनी मात्र मैद्याच्या पाकिटावर तो पावासाठी, बिस्किटांसाठी की सर्वसाधारण वापरासाठी आहे हे स्पष्ट छापायला हवे आणि मऊ गव्हाला वेगळी बाजारपेठ मिळवून द्यायला हवी. पोळीसाठी कोणता गहू घ्यावा याची जाण असलेल्या ग्राहकाला ही वर्गवारी समजायला वेळ लागणार नाही, आणि शेतकऱ्यालाही पीठ कोणत्या कामासाठी जाणार आहे हे ठाऊक असेल, तर त्या गुणाचा गहू पिकवण्याचे मोल मिळू शकेल.